टीचरच्या मुळ्याचं बी

खोली दाखवायच्या आधी टीचरनी माझे हात पाहिले. दोन्ही तळवे वर करायला लावले, मग उलटे करायला लावले, आणि माझ्या नखांकडे बघत विचारलं, "रक्त तपासतस म्हणजे नेमक्या काय करतस?"

मी सांगितलं, की बाटल्यांवर नावं लिहिते, नमुने यंत्रात घालते, आलेले आकडे कागदावर उतरवते.

"एकाचा नाव दुसऱ्याच्या बाटलयेर गेला तर?"

"जात नाही."

"गेला, तर तुका कळतला कसा?"

मला उत्तर सुचलं नाही. त्या नुसतं "हूं" म्हणाल्या आणि किल्ली हातावर ठेवली. माझ्या आधी दोघीजणी खोली बघून गेल्या होत्या. दोघींनी कसल्याशा प्रश्नाला झटक्यात उत्तर दिलं, म्हणून टीचरनी त्यांना परत पाठवलं होतं. झटक्यात उत्तर देणारा माणूस ते आधीच तयार करून आलेला असतो, असं त्यांचं मत होतं.

मालवणपासून थोडं आत, खाडीच्या बाजूला त्यांचं कौलारू घर होतं. चर्चच्या शाळेत आयुष्यभर शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. नवरा वारला होता, मुलगी लग्न होऊन गोव्यात गेली होती. सत्तरी ओलांडलेली, अंगाने काडी, गुडघ्याखाली येणारा फुलाफुलांचा झगा आणि पायात नवऱ्याच्या जुन्या चपला. त्यांना नाव होतं, पण गावात ते कुणी वापरत नसे. ज्यांना त्यांनी शिकवलं नव्हतं तेसुद्धा त्यांना टीचरच म्हणत.

त्यांचा कशावरही भरवसा नव्हता. दूधवाल्याने कॅनचं झाकण उघडलं की त्या आधी झाकणाची आतली बाजू बघत. बांगडा घेताना मासेवालीशी बोलता बोलता तो उन्हात धरून डोळा तपासत. चर्चची घंटा वाजली की मनगटावरचं घड्याळ बघत, आणि दोन्हींत फरक दिसला तर घंटा चुकली असं ठरवत. मोबाईलवरच्या हवामानाविषयी मी एकदा काही सांगायला गेले, तर म्हणाल्या, "तुझ्या मोबाईलवर पडता तो पाऊस माझ्या विहिरीत येणा नाय."

चुलीतली राख त्या फेकत नसत. सकाळी घराच्या पुढच्या आणि मागच्या वाटेवर ती पातळ पसरत आणि संध्याकाळी वाकून ठसे वाचत.

"दुपारी मांजर इला. तेच्या मागसून तू इलंस. मगे गेलंस, आणि परत इलंस. परत कित्याक इलंस?"

"डबा विसरले होते."

"बरा," त्या म्हणत. पण दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन निघाले की नाही, ते खिडकीतून बघत.

खोली देताना त्यांची एक अट होती. भाड्यासारखीच ती पाळावी लागे. त्यांच्या घरात जो राहील त्याने थंडीत एक वाफा करायचा आणि त्यातलं खायचं. मी सांगलीकडची. शेतातला ऊस मी रस्त्यावरून जाताना पाहिला होता, तेवढंच माझं शेतीचं ज्ञान. पण दिवाळी झाली, भातं कापून झाली, सकाळी गवतावर दंव दिसायला लागलं, आणि एका रविवारी टीचरनी माझ्या हातात खुरपं दिलं. आमच्याकडच्या मानाने तिथली थंडी नावालाच, दोन-अडीच महिन्यांची. टीचरच्या मते तीही बेभरवशाची होती, म्हणून कामाला लगेच लागायचं.

नवख्या माणसाने काय लावावं, हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. कुठली भाजी किती सरळ वागते त्यावर ते अवलंबून असे.

"पयली तांबडी भाजी. तिच्याकडे लपवूक कायच नाय. चार दिवसांत उगावता, म्हयन्यात खावक मिळता. मगे नवलकोल. तो पोट जमनीच्या वर ठेवन बसता, कोणय बघा. मुळो अर्धो आत रवता, पण खांदो वर काढता. कोण इलो ता बघता."

"आणि कोबी?"

"कोबी लबाड. पानार पान घालता. आत अळी आसा काय नाय, ता कापल्याशिवाय कळणा नाय. शिकणाऱ्यान कोबयेच्या वाटेक जाव नये."

तांबड्या भाजीचं बी खसखशीएवढं असतं. मी ते पहिल्यांदा नुसतंच विस्कटून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी मुंग्या ते रांगेने घेऊन जाताना पाहिल्या. टीचर मागे उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं असतं तर बी वाचलं असतं, पण मी मुंग्यांना चोर म्हणून ओळखते की नाही, ते त्यांना बघायचं होतं. मग त्यांनी बियांत राख कालवायला शिकवलं. पाणी किती घालायचं ते सांगण्याऐवजी बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायला लावलं. "वरची माती खोटा बोलता," म्हणाल्या. "खालची इचारून बघ."

पाचव्या आठवड्यात मी माझ्या हातची तांबडी भाजी परतून खाल्ली. टीचरनी माझ्या ताटातली एक काडी उचलून चावली, आणि मग आणखी एक उचलली. त्या दिवशी मला खूप आनंद झाला होता, हे आता सांगायला हरकत नाही.

मुळ्याची गोष्ट वेगळी होती. तो बाजारात मिळणारा मुळा नव्हता. लांब, पांढरा, टोकाला सुतळीसारखा बारीक होत जाणारा, आणि असा झणझणीत की सुकटीबरोबर शिजवला तरी तिखटपणा राहायचा. टीचरच्या आईने ते बी तिच्या आईकडून आणलं होतं. दर वर्षी टीचर थोडे मुळे निवडून उपटत, टोक कापून चावून बघत, आणि जो मनासारखा तिखट लागेल तो पाल्यासकट वाफ्याच्या टोकाला परत लावत. तो फुलायचा, शेंगा धरायचा, आणि शेंगा वाळल्या की बी निघायचं. ते त्या कुणालाही देत नसत. कुणाच्या हातचं दुसरं बी आवारात येऊ देत नसत. मी बाजारातून मोहरी आणली तरी पुडीला भोक नाही ना, ते बघत.

दोन आवारांमध्ये दगड रचून केलेला बुटका गडगा होता, त्यापलीकडे वयनी राहायची. सगळा गाव तिला वयनीच म्हणे. टीचरच्याच वयाची, भात आणि काजूची बाग सांभाळणारी, कोंबड्या पाळणारी. दोघी कितीतरी वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. एकमेकींविषयी मात्र बोलत. "ती माझ्या वाफ्यांर नदर ठेवन आसा," टीचर मला रोज सांगत. गडग्यावरून पलीकडची पातेल्यांची आदळआपट ऐकू आली, तरी त्या हातातलं काम थांबवून कान देत.

अशा घरात राहून मला एक खोड लागली. काही नसताना लपवायची. आलेल्या पत्राचं पाकीट मी उगाच उशीखाली ठेवी. केरसुणी जागची हलली आहे का, ते कामावरून आल्यावर बघे. आणि एके दिवशी आठवड्याच्या बाजारात एका टोपलीवाल्याकडे बियांची पाकिटं दिसली. त्यातल्या एकावर लाल, गोल, चेरीसारख्या मुळ्यांचं चित्र होतं. या घरात माझं असं काहीतरी एक असावं, जे कुणी तपासलेलं नाही, असं मला वाटलं. मी पाकीट घेतलं आणि न्हाणीघराच्या मागे रंगाच्या दोन जुन्या डब्यांत ते बी पेरलं.

मुळे काही धरले नाहीत. डब्यात उकाडा असावा. नुसता पाला माजला, मग मधून दांडे वर आले आणि त्यांना फिकट जांभळी फुलं आली. ती फुलं सुंदर होती. मी काही तोडून पाण्याच्या ग्लासात ठेवली.

तेव्हा माघ लागला होता. टीचरचे बियांचे मुळेही फुलले होते. एका सकाळी मी कामावर निघाले, तर त्या वाफ्यात कपाळावर आडवा हात धरून उभ्या.

"माशयो माझ्या मुळ्यारसून उठतत आणि तुझ्या मागल्या दारी जातत," त्या म्हणाल्या. "थंय काय आसा?"

"शेवग्याला फुलं आलीत ना."

"शेवगो उजयेक. माशयो डावयेक जातत."

"मग माहीत नाही. बघून सांगते."

मी बघितलं नाही. सगळे दांडे उपटले, पिशवीत कोंबले, कामावर जाताना लांब कचऱ्यात टाकले, आणि संध्याकाळी त्या डब्यांत धणे पेरले. चौथ्या दिवशी टीचर तिथे गेल्या. अजून काही उगवलं नव्हतं. त्यांनी माती चिमटीत घेतली, डब्याच्या पत्र्यावरचा पाण्याचा डाग बघितला आणि म्हणाल्या, "पेरणी चार दिवसांची. डबो तीन म्हयन्यांचो."

"आधी काही लावलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या निघून गेल्या. पुरावा नव्हता. पुराव्याशिवाय त्या कुणाला काही म्हणत नसत, असं मला तेव्हा वाटत होतं.

पुढच्या थंडीत त्यांनी त्या वर्षीचं बी पेरलं. मीही माझे वाफे केले, आता मला ते बऱ्यापैकी जमत होतं. मुळ्यांनी खांदे वर काढले, आणि एका सकाळी मी दार उघडलं तर उंबऱ्यावर तीन मुळे ठेवलेले. स्वच्छ धुतलेले. तिघांचेही खांदे गुलाबी होते. माझ्या डब्यांतल्या फुलांचा पराग मधमाश्यांनी त्यांच्या फुलांवर नेला होता.

टीचर अंगणात उभ्या होत्या. "हे तुझे," त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. पाकीट, डबे, शेवग्याचं खोटं, धणे. रडले नाही. रडणाऱ्यांवर तर त्यांचा मुळीच विश्वास नसे.

"माका ठावक होता," त्या म्हणाल्या. "काय ता ठावक नव्हता." मग तिन्ही मुळे उचलत म्हणाल्या, "म्हयनो संपलो काय खोली सोड."

त्यांनी अख्खा वाफा उपटला. निम्मे तरी मुळे पांढरेशुभ्र होते. मी म्हटलं, हे तरी ठेवा. "गोऱ्यांच्या पोटात काय आसा ता कोणाक ठावक," त्या म्हणाल्या आणि तेही खताच्या खड्ड्यात टाकले.

त्या संध्याकाळी त्या ठसे बघायला आल्या नाहीत. दुसऱ्या सकाळी वाटेवर राख पसरली नव्हती. तिसऱ्या दिवशी दूधवाला आला, त्यांनी भांडं पुढे केलं आणि झाकणाकडे बघितलंही नाही. दूधवाल्याने मलाच विचारलं, "टीचरांक बरा नाय काय?" मला त्यांच्या रागाची भीती वाटत होती, पण हे बघून मी जास्त घाबरले. कुणी काहीही आणावं, काहीही न्यावं, त्यांना जणू त्याचं काही राहिलं नव्हतं.

मी बी शोधायला लागले. रक्त तपासायला येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना सुई टोचता टोचता विचारी. मसुऱ्याची एक आजी म्हणाली, "तो मुळो? माझ्या लग्नात खाल्लेलंय. बी खंयचा मिळता, ती कोणाक देणा नाय." शिरोड्याहून आलेल्या एकीने दुसरंच कसलं तरी बी आणून दिलं. मी ते नेऊन दाखवायचं धाडस केलं नाही. शेवटी एकच घर उरलं, आणि तिथे बी असेल म्हणून मी गेले असं नाही. सगळीकडे जाऊन झालं होतं, म्हणून गेले.

वयनी अंगणात भात वाळत घालत होती. मी विचारलं तशी तिचे हात थांबले.

"तुका तिना धाडल्यान?"

"नाही. मीच आले. त्यांना माहीत नाही."

"तिचा बी माझ्याकडे आसा, असा तुका कोणी सांगल्यान?"

"कुणी नाही. मी सगळ्यांनाच विचारतेय."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. टीचरनी पहिल्या दिवशी माझे हात पाहिले होते तसंच. "माझ्याकडे कायएक नाय," ती म्हणाली. "जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर होते. टीचर पायरीवर बसल्या होत्या, हातात काही काम नव्हतं. गडग्यापलीकडून हाक आली, "टीचर."

टीचर उठल्या. मी त्या दोघींना समोरासमोर कधी पाहिलं नव्हतं.

"काल तुझा ह्या चेडू इला होता," वयनी म्हणाली. "बी मागी होता."

"मगे?"

"दिलंय नाय."

"बरा केलंस."

"तू सांगल्याशिवाय कोणाक देवचा नाय, असा आपला ठरला होता." थोडं थांबून तिने विचारलं, "आता दिव?"

टीचरनी माझ्याकडे बघितलं, रिकाम्या वाफ्याकडे बघितलं. पोहरा माझ्या हातात तसाच लटकत होता. मग त्या म्हणाल्या, "दी."

वयनीने घरातून खोकल्याच्या औषधाची तपकिरी बाटली आणली. तोंड मेणाने बंद केलेलं. टीचरच्या हातात न देता तिने ती गडग्यावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकली. टीचरनी बाटली उन्हात धरली, हलवली, मेणावरून नख फिरवलं.

"मेण माझाच आसा मा?"

"तुझाच. मी कित्याक फोडू?"

तेव्हा मला कळलं ते असं. दर वर्षी नवीन बी तयार झालं की टीचर एक बाटली गडग्यावर ठेवत. पलीकडून आधीच्या वर्षीची बाटली परत येई. बोलणं बंद झालं तरी हे बंद झालं नव्हतं.  गेल्या उन्हाळ्यात मात्र टीचरनी नवीन बाटली ठेवलीच नव्हती, म्हणून जुनी पलीकडेच राहिली होती, आणि ती मागायची तर त्यांना आधी बोलावं लागलं असतं. माझ्या डब्यांकडे जाणाऱ्या त्या माश्यांमुळे त्यांना नव्या बियांचा संशय होता.

"पण त्यांच्याकडेच का?" मी विचारलं. "तुमचा तर त्यांच्यावर..."

"म्हणानच," टीचर म्हणाल्या. "तिका ठावक आसा, एक दाणो कमी झालो तर मी तिका सोडूचंय नाय. मैत्रिणीकडे ठेवला असता तर तिना परसात पेरून बघला असता."

वयनीची बाजू मला नंतर कळली, मी तिच्याकडे अंडी आणायला जायला लागल्यावर. टीचरचा नवरा गेला त्या दिवशी सगळे दफनाला सिमिट्रीत गेले होते. परत आल्यावर टीचरना दिसलं, की मांडवावरचे दोन भोपळे नाहीत. काळ्या कपड्यांतल्या सगळ्या माणसांसमोर त्यांनी वयनीला विचारलं, "भोपळे तू नेलंस?" भोपळे वयनीनेच कापले होते. गोव्याहून आलेल्या पाहुण्यांसाठी भाजी करून तिने टीचरच्याच स्वयंपाकघरात झाकून ठेवली होती. ती तशीच घरी निघून गेली. थोड्या वेळाने पानं वाढली गेली, आणि टीचरना भाजी बघून कळलं.

"मग त्यांनी माफी मागितली नाही?"

"ती खंयची मागता," वयनी म्हणाली. "पण त्या वर्षीसुद्धा बाटली ठेवल्यान."

बाटली एकच होती. त्यातलं निम्मं बी टीचरनी परत मेण लावून गडग्यापलीकडे दिलं आणि उरलेलं माझ्या ओंजळीत ओतलं. "तू पेर," म्हणाल्या.

"मी? तुम्ही पेरा टीचर. माझ्या हातून पुन्हा काही झालं तर..."

"झाला तर कोणी केला ता म्हायत असतला."

मी पेरलं. खोली सोडायचं कुणी पुन्हा काढलं नाही, पण राहा असंही म्हणालं नाही. टीचर खुर्ची टाकून वाफ्याच्या कडेला बसत आणि मी पाणी घालताना माझ्या बोटांकडे बघत. उगवण उशिरा झाली. चार दिवस गेले, सहा गेले, जमीन उघडीच. जुनं बी मेलं असेल असं मला वाटलं. आठव्या दिवशी दोन पानं दिसली, मग दहा, मग ओळ. पाच-सहा आठवड्यांनी खांदे वर आले तेव्हा मी रोज सकाळी चूळ भरायच्या आधी वाफ्यात जाऊन एकेका मुळ्याभोवतीची माती बोटाने बाजूला करत असे. सगळे पांढरे होते. माझ्या मागून येऊन टीचर तेच सगळे मुळे पुन्हा तपासत.

पुढे माझी बदली झाली. आता मी साताऱ्याकडे असते, तिथली थंडी खरी आहे आणि गच्चीवर मी बरंच काही लावते. जाताना मी टीचरकडे चार दाणे मागितले होते. "नाय," त्या म्हणाल्या. "होया तर हंय येवन पेर." म्हणून दर कार्तिकात दोन दिवसांची रजा काढून मी जाते. फाटकात चपला झाडाव्या लागतात, ओढणी झटकावी लागते, पर्स सोप्यावर उलटी करावी लागते. परगावचं बी कशाला चिकटून येईल सांगता येत नाही.

या वर्षी गेले तर टीचर सोप्यावर बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. शस्त्रक्रिया करत नाहीत, कारण डॉक्टर आत काय घालतो ते आपल्याला दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. मला आवाजावरून ओळखलं. "इलंस? बस," म्हणाल्या. मी फाटकात तशीच उभी राहिले. त्या पर्सविषयी विचारतील म्हणून वाट बघितली. त्यांनी विचारलं नाही. तेव्हा मीच चपला झाडल्या, ओढणी झटकली आणि पर्स त्यांच्या शेजारी दगडावर उलटी केली.

आवाज ऐकून त्यांचा हात पुढे आला. किल्ल्या चाचपल्या, कंगवा, गोळ्यांचं पाकीट, एस्टीचं तिकीट. मग रिकामी पर्स ओढून घेऊन त्यांनी अस्तराच्या कोपऱ्यात दोन बोटं घातली आणि काहीतरी बाहेर काढलं. नाकाशी नेलं.

"ह्या काय?"

"बडीशेप. वाटेत जेवले ना, तिथली."

"खंयच्या हाटेलातली?"

मी गावाचं नाव सांगितलं. "भाजलेली आहे टीचर. उगवत नाही."

"भाजताना मी बघलंय नाय," त्या म्हणाल्या. उठून, गडग्याला हात लावत फाटकापर्यंत गेल्या, ते चार दाणे पार रस्त्यावर भिरकावले आणि बोटं झग्याला पुसली.

"हात धुवन ये," म्हणाल्या. "वाफो भिजवन ठेवलंय."